हौसेला मोल नसतं: मॉडिफाय केलेली फोर बाय फोर विकायला काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग किनाऱ्यावर मॉडिफाय केलेली थार, जिम्नी, गुरखा अशी फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी) गाडी विकायला काढलेले मालक, आणि त्या गाड्या घेऊन पुढे विकणारे एजंट

स.न.वि.वि.

जाहिरातीतला पहिला फोटो आधी काढून टाका. गाडी लाटांत उभी, अर्धी चाकं पाण्यात, मागे सूर्य बुडतोय. तुम्हाला त्यात गाडीचा दम दिसतो. पण ज्याला गाडी खालून बघता येते तो गिऱ्हाईक तोच फोटो बघून मनातल्या मनात भाव पाडतो. गाडी खाऱ्या पाण्यात कितीदा गेली, बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुतली का, आणि डिफरन्शियलचं (ॲक्सलमधल्या, दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल बदललं का, हे तीन प्रश्न त्याच्या डोक्यात येतात आणि तुमच्याकडे बहुतेक वेळा एकाचंही उत्तर नसतं.

आम्ही या गाड्यांच्या खाली झोपून काम करणारी माणसं. गणपती झाले, पाऊस ओसरला की विक्रीचा हंगाम सुरू होतो. गावी आलेला चाकरमानी उंच, काळी, चकचकीत थार बघतो, टोकन देतो आणि मग ती आमच्या पिटवर (गाडीखाली काम करायच्या खड्ड्यावर) येते. तेव्हा जे दिसतं ते तुम्हालाही माहीत असतं, फक्त सांगितलेलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण पिटवर ती पाच मिनिटांत उघडते. म्हणून एवढंच सांगायचं आहे: विकण्याआधी गाडी जमेल तितकी कंपनीच्या रूपाजवळ आणा आणि जे परत आणता येणार नाही ते कागदावर लिहून द्या. तुमचा भाव त्याने वाढतो, कमी होत नाही.

भावापासूनच सुरुवात करू. हौसेला मोल नसतं ही म्हण इथे अगदी शब्दशः लागू पडते. लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), टायर, बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायची मोटर), दिवे, रिमॅप (जोर वाढवायला इंजिनचा बदललेला प्रोग्राम) यांच्या पावत्यांची बेरीज गाडीच्या किमतीत मिळवून मागणारे मालक सहा महिने जाहिरातच देत बसतात. त्याच वर्षाच्या, तेवढ्याच चाललेल्या, हात न लावलेल्या गाडीचा भाव हा पाया धरा. टायरची अर्ध्याहून जास्त नक्षी शिल्लक असेल तर त्याचे थोडे मिळतील. पावतीसकट, नीट बसवलेल्या लिफ्ट किटचेही थोडे मिळतील. बाकी सगळं सुटं विका. विंच, दिवे, रूफ रॅक, ट्यूनिंग बॉक्स यांना गाडीपेक्षा वेगळा आणि जास्त उत्सुक गिऱ्हाईक असतो. मात्र काढल्यावर मागे भोकं, कापलेल्या वायरी, अर्धे ब्रॅकेट ठेवू नका.

आता खारं पाणी. किनाऱ्यावर गाडी कुजायला ती समुद्रातच न्यावी लागते असं नाही. वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा फेऱ्यांवर रोज चढणारी गाडी उताराच्या ओल्या धक्क्यावरून खालून मीठ घेऊनच वर येते. घर किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर असेल तर रात्रीची खारी हवा पुरते. फरक एवढाच की धक्क्यावरची गाडी सावकाश गंजते आणि वाळूत नेलेली दोन पावसाळ्यांत.

गंज कुठे असतो? दिसतो तिथे नसतो. बाहेरच्या पट्टीवरचा लालसरपणा बहुतेक जांभ्याच्या मातीचा असतो, तो पुसला की जातो. खरा गंज चेसिसच्या बंद पेटीत बसतो. चेसिसची लांब पट्टी आतून पोकळ असते आणि तिला खाली पाणी निथळायची भोकं असतात. वाळू आत गेली की ती भोकं बुजतात आणि खारट ओली वाळू महिनोन्‌महिने आतच राहते. रबरी हातोडीने पट्टीवर ठोकत जा. चांगली पट्टी खणखणते, कुजलेली बद्द वाजते, आणि भोकातून लाल पापुद्रे खाली पडतात. त्यानंतर बॉडी माउंटचे कप, मागच्या बंपरचे ब्रॅकेट, स्टेपनीचा हात, डिझेलच्या नळीचं तोंड, ब्रेकच्या लोखंडी नळ्या जिथे क्लिपखाली बसतात ती जागा. नळी क्लिपच्या आत कुजते आणि बाहेरून नवी दिसते.

विकायच्या आदल्या आठवड्यात खालून काळं रबरी कोटिंग मारून आणणं ही किनाऱ्यावरची जुनी कला आहे. आम्ही ताजं कोटिंग बघितलं की स्क्रू ड्रायव्हर घेऊनच खाली जातो. रबरी थर ओल्या गंजावर मारला तर मीठ आत कोंडतं आणि निथळायची भोकंही त्याच थराखाली जातात, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने धावतो. करायचंच असेल तर नीट करा. पट्टीच्या भोकातून होज घालून गोड्या पाण्याने आतली वाळू पूर्ण काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. दोन दिवस उन्हात सुकवा. वायर ब्रशने सुटा गंज काढा, रस्ट कन्व्हर्टर लावा, वर इपॉक्सी प्रायमर, मग रंग. पट्टीच्या आत मेणाचा फवारा मारा. भोकं उघडी ठेवा. कामाचे फोटो आधीचे आणि नंतरचे ठेवा, ते दाखवलेत तर गिऱ्हाईक हातोडी बाजूला ठेवतो.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. चेसिसवर ठोकलेला नंबर. हस्तांतरणाच्या वेळी आरटीओकडे त्याची पेन्सिलची छाप लागते. किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांत तो नंबर गंजाने फुगून वाचता येत नाही, आणि कुणीतरी हौशी माणूस तो ग्राइंडरने साफ करायला जातो. असं करू नका, घासलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय. कापड, थोडं डिझेल, मऊ ब्रश, आणि मग ग्रीसचा पातळ हात, एवढंच.

आता डिफरन्शियल, कारण या एका ठिकाणी आम्ही सगळ्यात जास्त पैसे जाताना बघतो. गाडी वाळूत जोर काढून चालते तेव्हा मागचं हाऊसिंग (डिफरन्शियलची लोखंडी पेटी) तापतं. तशीच गरम गाडी पाण्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि हाऊसिंग बाहेरचं पाणी आत ओढतं. ब्रीदरची (पेटीतली हवा ये-जा करणारी) नळी छोटी आणि खाली असेल तर तिथून, नाहीतर ॲक्सलच्या सीलमधून. मग ऑइलमध्ये खारं पाणी. फिलर प्लग खोला, बोट घाला. ऑइल चहात दूध जास्त झाल्यासारखं दिसलं तर पाणी गेलंय. काही मालक विकण्याआधी फक्त ऑइल बदलतात आणि बोट स्वच्छ दाखवतात. पण पाणी काही आठवडे आत राहिलं असेल तर बेअरिंगवर खड्डे पडलेले असतात आणि हायवेवर पन्नास-साठच्या वेगाला मागून घूं असा आवाज येतो. ॲक्सिलरेटर सोडला की आवाजाचा सूर बदलतो, तोच त्याचा पुरावा.

योग्य रीत अशी: पाणी गेल्याचं कळल्याबरोबर ऑइल काढा, नवं भरा, शंभरेक किलोमीटर चालवा, ते पुन्हा काढा आणि पुन्हा नवं भरा. एकदा बदलल्याने आतल्या कोपऱ्यांतलं पाणी जात नाही. काढलेल्या ऑइलमध्ये लोखंडाची चकचक दिसली तर उघडून बेअरिंगच बघा. ट्रान्सफर केसलाही (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीलाही) हेच. आणि ब्रीदरची नळी इंजिनच्या खोलीत वर नेऊन बांधा. फार पैसे लागत नाहीत, तरी पिटवर येणाऱ्या दहापैकी जेमतेम दोन गाड्यांत ती वर नेलेली असते. (विंचवर पैसे घालणारा माणूस नळीवर का घालत नाही, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही.)

थार आणि जिम्नी, दोन्हींना मागे ड्रम ब्रेक आहेत. वाळूत गेलेल्या गाडीचा ड्रम काढला की तळाशी चमचाभर वाळू निघते, लायनिंगवर ओरखड्यांच्या रेघा असतात आणि हँडब्रेकची केबल खारावून अर्ध्यात अडकलेली असते. ड्रम काढून, साफ करून, ओरखडे खोल असतील तर टर्निंग करून ठेवा. घाटात हँडब्रेकवर गाडी उभी राहत नाही हे गिऱ्हाईकाला ट्रायलमध्येच कळतं.

लिफ्टचं प्रकरण जरा मोठं आहे, कारण लिफ्ट हा शब्द चार वेगवेगळ्या कामांना वापरला जातो. २०२० ची नवी थार पुढे स्वतंत्र सस्पेन्शनची आहे, मागे घन ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड दांडा). तिला दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर उचललं की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी जोर पोचवणारे सांधे) जास्त तिरप्या कोनात फिरतात. आधी रबरी बूट फाटतो, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं, आणि जांभ्याची धूळ त्यात मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करते. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालवलं की कट-कट आवाज येतो. ज्याने लिफ्टसोबत वरचे आर्म बदलले, पुढचं डिफ थोडं खाली आणलं, ब्रेकच्या होजला लांबी दिली आणि अलाइनमेंटचा छापील कागद ठेवला, त्याची गाडी ट्रायलमध्येच वेगळी वाटते. ज्याने फक्त स्प्रिंगखाली गोल स्पेसर घातले, त्याच्या गाडीचे शॉकअप प्रत्येक खड्ड्यात टोकाला जाऊन ठोकतात.

२०१० पासूनची जुनी थार, सीआरडीई (डिझेल इंजिनची), तिथे पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळले जाणारे लोखंडी दांडे) आहेत. बोल्ट पिळला की गाडी पुढून वर येते, खर्च शून्य, म्हणून हे सगळ्यांनी केलेलं असतं. पण त्याने सस्पेन्शन कायम ताणलेल्या टोकाला बसतं, खाली जायला जागाच उरत नाही. स्पीडब्रेकरवरून उतरताना टक असा कोरडा ठोका येतो तो याचाच. मागे पाट्यांना लांब शॅकल (पाटा चेसिसला टांगणारी कडी) लावले असतील तर पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या गिअरचा) कोन बिघडतो आणि प्रॉप शाफ्ट (मागच्या ॲक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) थरथरतो. विकण्याआधी टॉर्शन बार मूळ उंचीला आणा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यानंतर अलाइनमेंट करायलाच हवं, नाहीतर टायर आतून खाल्ले जातात.

जिम्नीचं वेगळं. दोन्हीकडे घन ॲक्सल, त्यामुळे सीव्हीचा त्रास कमी. पण उचलली की पॅनहार्ड रॉड (चेसिस आणि ॲक्सल जोडणारा आडवा दांडा) ॲक्सलला एका बाजूला ओढतो, मागून बघितलं तर एक चाक बाहेर आलेलं दिसतं. पुढचा कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकांच्या आधाराचा कल) कमी होतो आणि सत्तर-ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग हातात थरथरतं. कॅस्टरचे बुश आणि लांबी बदलता येणारा रॉड न घालता उचललेली जिम्नी आम्ही गिऱ्हाईकाला घेऊ नका असंच सांगतो. थरथर किंगपिनच्या (चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या) बेअरिंगमुळेही असू शकते, म्हणून आधी चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून बघा.

टायरवर एक हिशेब, कारण तो जवळजवळ कुणी सांगत नाही. थारच्या १८ इंची चाकाचा कंपनीचा टायर २५५/६५ आहे, त्याचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर. त्या जागी १६ इंची रिमवर २८५/७५ घातला तर व्यास सुमारे ८३४. म्हणजे चाक दर फेरीला साधारण ५.७ टक्के जास्त अंतर कापतं आणि मीटर तेवढं कमी दाखवतो. मीटरवर ६०,००० दिसत असतील आणि हेच टायर पहिल्यापासून असतील, तर गाडी प्रत्यक्षात ६३,४०० किलोमीटरच्या आसपास चाललेली आहे. मीटरवर ८० दिसतो तेव्हा वेग त्याच हिशेबाने सुमारे साडेचार किलोमीटरने जास्त. ही फसवणूक नाही, पण न सांगितली तर फसवणूकच वाटते. टायर कधी बदलले त्या वेळचं रीडिंग लिहून द्या. टायरच्या कडेला चार आकडे असतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गिऱ्हाईक ते वाचतो, तुम्ही आधी वाचा.

रिम बाहेर काढायला स्पेसर लावलेले असतील तर सरळ काढा. चाकाच्या बेअरिंगवर पडणारा भार ते बाहेर ढकलतात, आणि किनाऱ्यावरच्या गाडीच्या बेअरिंगला तसंही आयुष्य कमी.

रिमॅप. थार पेट्रोलला कंपनीचे १५० हॉर्सपॉवर आणि मॅन्युअलला ३००, ऑटोमॅटिकला ३२० न्यूटन-मीटर टॉर्क. डिझेलला १३० आणि ३००. जाहिरातीत ‘१९० हॉर्सपॉवर’ लिहिलेलं असतं तेव्हा त्यामागे डायनोचा (जोर मोजणाऱ्या यंत्राचा) कागद असला पाहिजे. नसेल तर तो आकडा काढा, तुमचं त्यात काही जात नाही. ट्यूनिंग बॉक्स आणि रिमॅप हे दोन वेगळे प्रकार आहेत. बॉक्स सेन्सर आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) मध्ये बसतो, तो काढून सुटा विकता येतो. रिमॅप ईसीयूच्या आत लिहिलेला असतो. तो कुणी केला, कधी केला, आणि मूळ फाईल कुठे आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं. ज्याने केला त्याच्याकडून मूळ फाईल परत टाकून घ्या आणि तिची प्रत पेन ड्राइव्हवर गिऱ्हाईकाला द्या. सर्व्हिस सेंटरने अपडेट टाकलं की रिमॅप पुसला जातो, मग गाडी ‘एकदम सुस्त झाली’ अशी तक्रार घेऊन नवा मालक तुम्हालाच फोन करतो.

रिमॅपने आधी मरतो तो क्लच. तपासायला सोपा: सपाट रस्ता, चौथा गिअर, १५०० आरपीएम, पूर्ण ॲक्सिलरेटर. इंजिनचा आवाज चढला पण गाडी त्या मानाने धावली नाही तर क्लच सरकतोय. आंबा घाट किंवा करूळ घाट चढताना तर जळक्या फेसिंगचा वास गाडीत येतो. बदलून विका, नाहीतर क्लचचा खर्च धरून भाव सांगा. डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून सरळ पाईप लावला असेल किंवा ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी झडप) बुजवला असेल तर गाडी विकायच्या लायकीची नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत हे काढणं बेकायदा आहे, पीयूसीला अडकतं, आणि मूळ डीपीएफ तुम्ही भंगारात दिला असेल तर त्याची किंमत ऐकून तुम्हालाच चक्कर येईल.

वायरिंग. खाऱ्या हवेत इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. तांब्यावर तो हिरवा थर आला की रोध वाढतो, जोड तापतो, आणि प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. १२० वॅटचा लाईट बार १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतो. ते हेडलाईटच्या वायरीतून टॅप केलेलं असेल तर आज नाही तर उद्या धूर निघणार. इंजिन चालू ठेवून, दिवा लावून, बॅटरीच्या प्लसपासून दिव्याच्या प्लसपर्यंत मल्टिमीटर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधला कुठलातरी जोड खराब आहे. गाडी बंद करून, दारं लावून, अर्धा तास थांबून बॅटरीतून किती करंट जातो ते मोजा. ५० मिलीअँपिअरच्या वर असेल तर काही आठवडे उभी राहिल्यावर गाडी सुरू होईलच असं नाही. जास्तीचे दिवे काढताना वायर कापू नका, रिलेपासून सगळी काढा आणि भोकाला रबरी ग्रोमेट बसवा, नाहीतर पाऊस डॅशबोर्डच्या मागे उतरतो.

स्नॉर्केल (इंजिनला वरून हवा देणारं नळकांडं) लावलं असेल तर मडगार्ड कापलेलं आहे, ते परत होत नाही. एवढं सांगा. गुरखाला ते कंपनीकडूनच येतं, तिथे प्रश्न नाही. बाहेरून लावलेल्या स्नॉर्केलचे जोड आणि एअरबॉक्सचं निथळ-भोक सील नसेल तर ते शोभेचं नळकांडं आहे, ‘पाण्यात जाते’ असं गिऱ्हाईकाला सांगू नका.

कायद्याचा भाग आम्ही टाळणार होतो, पण तिथेच सगळे अडकतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील आणि गाडी यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळी गाडी चालणार नाही असं म्हटलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार मालकाने नियमबाह्य बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द दोनदा वाचा. लोखंडी बुलबारवर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं, आणि कायद्यापलीकडेही एअरबॅगच्या सेन्सरला धक्का नीट पोचत नाही म्हणून तो काढाच. काचा पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के प्रकाश आत येऊ देणाऱ्या हव्यात. रंग बदलला असेल तर आरसीवर नोंद हवी. जुन्या थारला बाहेरून हार्डटॉप आणि पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटा बसवल्या असतील तर आरसीवरची बैठक संख्या आणि गाडीतल्या सीटा जुळतात का ते मोजा.

म्हणूनच मूळ भाग जपायचे. माळ्यावरच्या जुन्या स्प्रिंगा, मूळ रिम, मूळ बंपर, मूळ सायलेन्सर गाडीसोबत द्या. २०१०-११ ची पहिली सीआरडीई थार पंधरा वर्षांच्या नूतनीकरणाला आली आहे. तिथे तपासणीत गाडी मूळ रूपात लागते, आणि त्या वेळी मूळ बंपर शोधत फिरणाऱ्या माणसाला तुम्ही भंगारवाल्याला किती स्वस्तात तो दिला होता हे कळलं तर काय वाटेल ते सांगायला नको.

कागद थोडक्यात. मालकी बदलायला फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०, पूर्ण भरून, तारीख टाकून. कोरे सही केलेले फॉर्म एजंटच्या हातात कधीही देऊ नका. गाडी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्या माणसाच्याच गळ्यात येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. राज्यातल्या विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला द्यायची, घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. गोव्याच्या नंबरची गाडी सावंतवाडी-कुडाळकडे विकत असाल तर फॉर्म २८ ची एनओसी आधी, आणि इथला कर कोण भरणार ते व्यवहाराआधीच ठरवा, तिथेच भांडणं होतात. चलनं बाकी असतील तर भरा. फास्टॅग बंद करा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नसेल तर बसवा. विम्याचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही, त्याचं पत्र कंपनीकडून घ्या. घेणाऱ्याला सांगा की १४ दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करायचा, आणि लिफ्ट, रिमॅप न कळवता ठेवले तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

एजंट मंडळींना दोनच ओळी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची नोंदणी लागते आणि मालकाकडून गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये द्यावी लागते. आणि कलम १८२अ मध्येच डीलरने नियमबाह्य बदल केलेली गाडी विकली तर दर गाडीमागे एक लाखाचा दंड आहे, मालकाच्या पाच हजारांशी त्याची तुलना करून बघा.

हे सगळं एका पानावर उतरवा. लिफ्ट किती आणि कोणत्या किटची, टायर कधी बदलले तेव्हाचं रीडिंग, ईसीयूत कोणती फाईल आहे, डिफचं ऑइल शेवटचं कधी आणि कसं निघालं, कुठे वेल्डिंग केलं, कुठे कापलं, कोणते मूळ भाग सोबत आहेत, गाडी वाळूत किंवा खाऱ्या पाण्यात गेली आहे का. दोन प्रती, दोघांच्या सह्या, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ. वेळ विसरू नका, त्या दिवशीचं चलन कुणाचं हे त्यावरच ठरतं.

गाडी दाखवायला आणाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. गरम इंजिनात सुरुवातीचा धूर आणि टॅपेटचा आवाज लपतो, आणि बॉनेटला हात लावून तो गरम आहे हे गिऱ्हाईकाला लगेच कळतं. आणि धुऊन आणू नका. ऑइल कुठून पाझरतं, कुठला बूट फाटलाय, खालची माती जांभ्याची आहे की वाळूची, हे न धुतलेल्या गाडीवर वाचता येतं. वरून हवी तर पुसा. खालून जशी आहे तशी आणा, पिटवर दिवा आम्ही धरू.

आपले,
किनाऱ्यावरचे काही गॅरेजवाले